बाळ बोट दाखवते का?

आजचे माझे बोलणे एका आजीबाईंपासून सुरू करतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी मी नुकताच दवाखाना थाटला होता. त्या दिवशी आठवड्याचा बाजार, त्यामुळे दवाखान्यात ही गर्दी. त्या गर्दीत जवळच्या एका वाडीवरची म्हातारी आपल्या दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन आली. पोराला सर्दी झाली होती. मी तपासले, औषध दिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. पण आजी काही उठेना. पदराचे टोक चाचपीत ती म्हणाली, "डाक्टर, ह्ये पोर लई गुणाचं हाय. रडत न्हाई, मागत न्हाई, एकलंच खेळतंया. पर उचलाया गेलं तर अंग देत न्हाई बगा. पोतं उचलल्यागत वाटतंया."

मी पोराकडे पाहिले. वजन चांगले, अंगावर तेज, बसत होते, रांगत होते. मी हसून म्हटले, "आजी, शांत पोर मिळायलाही नशीब लागतं. लोक रडक्या पोरांना कंटाळतात, आणि तुम्ही शांत पोराची तक्रार करता!" आजी गप्प झाली आणि निघून गेली.

पुढे तेच मूल अडीच वर्षांचे झाले तरी बोलेना, म्हणून त्याची आई त्याला घेऊन आली. तेव्हाही मी म्हटले, "मुलगे उशिरा बोलतात, थोडी वाट पाहा." वाट पाहता पाहता मूल चार वर्षांचे झाले. मग मात्र शहरातल्या बालविकासतज्ज्ञांकडे पाठवले आणि निदान झाले, स्वमग्नता. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात तो. आजीने दहाव्या महिन्यात जे मला सांगितले होते, ते समजायला मला तीन वर्षे लागली. ती तीन वर्षे त्या मुलाची होती, माझी नव्हती. हे मनाला लागले, म्हणून आज आपल्यापुढे हा विषय मांडतो आहे.

आता गंमत पाहा. त्या वाडीवरच्या आजीने जे सांगितले, नेमके तेच पुष्कळ वर्षांपूर्वी एका मोठ्या डॉक्टरांनी लिहून ठेवले होते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर नावाचे बालमनोवैद्य होते. १९४३ साली त्यांनी अकरा मुलांविषयी एक लेख प्रसिद्ध केला. आठ मुलगे आणि तीन मुली. या आजाराची ओळख वैद्यकाला झाली ती मुख्यतः त्या लेखामुळे. त्यात कॅनर म्हणतात की साधारण चार महिन्यांचे मूल, आई उचलायला वाकली की आपणहून अंग सावरते, उचलून घेण्याची तयारी करते. पण या अकरांपैकी बहुतेक मुलांच्या आयांना आठवत होते की आपले मूल असे कधी करीतच नसे. आमची आजी कधी शाळेत गेली नव्हती. पण मांडीवर सहा पोरे वाढवलेल्या त्या हातांना जे कळले, ते वैद्यकाची पदवी घेतलेल्या मला कळले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही लक्षात ठेवू या, की स्वमग्नतेच्या सुरुवातीच्या खुणा फार गाजावाजा करीत नाहीत. ताप आला तर अंग तापते, जुलाब झाले तर मूल सुकते. इथे तसे काही नाही. मूल जे करते त्यापेक्षा ते जे करीत नाही, त्यात ही खूण दडलेली असते. आणि जे घडत नाही ते डोळ्यांत भरत नाही. म्हणून घरची माणसे म्हणतात, "किती शहाणं बाळ!" आणि दिवस जात राहतात.

स्वमग्नता म्हणजे आहे तरी काय? मेंदूची वाढ निराळ्या पद्धतीने होते आणि तिचा परिणाम मुलाच्या दुसऱ्याशी नाते जोडण्यावर, बोलण्यावर, खेळण्यावर आणि संवेदनांवर दिसतो. या शब्दावरून वाटते की हे मूल आपल्याच विचारात दंग आहे, मुद्दाम लक्ष देत नाही. तसे नसते. माणसांच्या गलबल्यातून अर्थ उचलणे त्याला कठीण जाते, इतकेच. कुणाला ही अडचण थोडी असते, कुणाला पुष्कळ. कुणी पुढे शिकून नोकरी करतो, तर कुणाला जन्मभर सोबत लागते. इंद्रधनुष्यात जशा रंगांच्या छटा, तशा या छटा.

आणि हे दुर्मिळ आहे असेही समजू नका. आपल्या देशात पाच ठिकाणच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी झाली आणि ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्या पाच ठिकाणांत आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत शंभरामागे साधारण एकाला स्वमग्नता आढळली. म्हणजे मोठ्या गावात असे एखाद-दुसरे मूल असणारच. ते कोणाचे तरी आहे. त्याला कोणी 'मुका' म्हणत असेल, कोणी 'हट्टी', कोणी 'खुळा'.

आता खुणा सांगतो. महिन्यांचे आकडे ध्यानात राहत नाहीत, म्हणून आपल्या घरातल्या संस्कारांच्या आधाराने सांगतो.

बारसे होऊन महिना-दीड महिना लोटला की बाळ माणसाच्या तोंडाकडे पाहून हसू लागते. उष्टावणाच्या सुमारास, म्हणजे सहाव्या महिन्यात, बाळ आईच्या चेहऱ्यावर नजर ठेवते, तिच्या हसण्याला हसून उत्तर देते, "अंगू" म्हटले की आपणही काही आवाज काढते. सहा महिने झाले तरी मूल माणसाकडे पाहून खुलत नाही, हसत नाही, असे असेल तर डॉक्टरांना सांगावे. पण इथे एक खुलासा करतो. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या शास्त्रज्ञांनी यंत्राच्या साहाय्याने तान्ह्या मुलांची नजर मोजली आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे ज्यांना स्वमग्नता ठरली, ती मुलेही अगदी सुरुवातीला डोळ्यांकडे पाहत होती. दुसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत ते पाहणे हळूहळू ओसरत गेले. हे ओसरणे साध्या डोळ्यांना दिसण्यासारखे नसते. तेव्हा तान्ह्या बाळाची नजर तपासत आयांनी रात्री जागवू नयेत. खरी पाहणी करायची ती नवव्या महिन्यापासून पुढे.

नवव्या महिन्यानंतर आणि जावळ काढण्याच्या सुमारास, म्हणजे वर्षाच्या आतबाहेर, तीन गोष्टी पाहाव्यात. नाव, नजर आणि बोट. एवढे तीन शब्द लक्षात ठेवले तरी आजचे माझे काम झाले.

पहिले नाव. बाळ खेळात असताना, त्याला दिसणार नाही असे मागे उभे राहून नेहमीच्या आवाजात नाव घ्यावे. टाळी वाजवू नये, खुळखुळा हलवू नये. बाळ वळून पाहते का? एकदा नाही पाहिले तर काही बिघडत नाही, पोरे खेळात रमतात. पण वेगवेगळ्या दिवशी, चार-पाच वेळा हाक मारूनही वळत नाही, आणि तेच मूल बिस्किटाच्या पुड्याचा आवाज झाला की लगेच मान फिरवते, तर ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरी नजर. जत्रेतले भिरभिरे आणा आणि बाळापुढे फिरवा. बाळ भिरभिऱ्याकडे पाहील, मग तुमच्या तोंडाकडे पाहील, पुन्हा भिरभिऱ्याकडे. जणू विचारते, "तू पण पाहतेस ना? मजा आहे ना?" ही जी वस्तूवरून माणसाकडे आणि माणसावरून वस्तूकडे ये-जा करणारी नजर, ती फार मोलाची. स्वमग्न मूल भिरभिऱ्याकडे कदाचित इतर मुलांपेक्षाही जास्त वेळ पाहील. पण ते फिरवणाऱ्याकडे पाहणार नाही. सायकलचे उलटे केलेले चाक, छताचा पंखा, गाड्याचे चाक, यांत ते तास घालवील आणि आनंद वाटून घ्यायला कोणाला शोधणार नाही.

तिसरे बोट. वर्षाच्या सुमारास मूल बोट दाखवू लागते. यात दोन प्रकार आहेत. एक मागण्याचे बोट, "ते दे." दुसरे सांगण्याचे बोट, "तो बघ काऊ!" काऊ काही त्याला नको असतो. त्याला फक्त हवे असते की आपण जे पाहिले ते आईनेही पाहावे. माणसाच्या सगळ्या संभाषणाचे मूळ या दुसऱ्या बोटात आहे. मूल बोट दाखवते, आई म्हणते, "हो गं बाई, काऊ आला." या देवाणघेवाणीतून शब्द रुजतो. जिथे बोट नाही, तिथे शब्द यायला वाट सापडत नाही. पुष्कळ स्वमग्न मुले काही हवे असले की आईचा हात मनगटाला धरून, जणू एखादे अवजार उचलावे तसा, डब्यावर नेऊन ठेवतात आणि तिच्या तोंडाकडे पाहतसुद्धा नाहीत.

आणि उलट बाजूही पाहा. तुम्ही खिडकीकडे बोट करून म्हणा, "अरे, ते बघ माकड!" दीड वर्षाचे मूल माकडाकडे पाहते. स्वमग्न मूल तुमच्या बोटाच्या टोकाकडे पाहते, नाहीतर कुठेच पाहत नाही.

कोणी म्हणेल, इतक्या लहान गोष्टींवरून एवढे मोठे निदान कसे करता? म्हणून एक जुना प्रयोग सांगतो. अमेरिकेतल्या सिएटल शहरात दोन संशोधक बायकांनी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती फिती गोळा केल्या. अकरा फिती अशा मुलांच्या, ज्यांना पुढे स्वमग्नता ठरली, आणि अकरा इतर मुलांच्या. १९९४ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माणसांच्या तोंडाकडे पाहणे, बोट दाखवणे, वस्तू उचलून दुसऱ्याला दाखवणे आणि नावाला वळणे, एवढ्या चार गोष्टी मोजल्या, तर दोन गटांतली बहुतेक मुले बरोबर ओळखता आली. त्या वाढदिवसांना हजर असलेल्या कोणालाही त्या वेळी काही वेगळे वाटले असेलच असे नाही. सगळे पाहत होते केककडे!

याखेरीज आणखी काही खुणा आहेत. वर्ष झाले तरी "बाबा, दादा, मामा" असे बोबडे आवाज नाहीत. "बाप्पाला जय-जय कर" म्हटले तर हात जोडणे नाही, टाटा करणे नाही. भॉक करण्याच्या खेळात गोडी नाही. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत "आई पाणी", "बाबा गेले" अशी दोन शब्दांची जोडणी नाही. हात पाखरासारखे फडफडवणे, टाचा उचलून चालणे, वस्तू पुन्हापुन्हा एका रांगेत मांडणे आणि रांग मोडली की आकांत करणे. मिक्सरच्या नाहीतर कुकरच्या शिटीच्या आवाजाने कान झाकणे. आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे, आलेले बोलणे गेले. दीड वर्षाचे मूल चार-सहा शब्द बोलत होते आणि दोन-तीन महिन्यांत ते शब्द हरवले, हसणे-पाहणे कमी झाले. असे कोणत्याही वयात झाले तर एक आठवडाही थांबू नये.

मात्र एका खुणेवरून घरच्यांनीच निकाल देऊ नये, ही दुसरी बाजू तितकीच खरी. प्रथम कान तपासून घ्यावेत. नावाला न वळणारे मूल बहिरे असू शकते. पण बहुधा बहिरे मूल तोंडाकडे टक लावून पाहते, खाणाखुणा करते, बोट दाखवते. कान तपासण्याची यंत्रे जिल्हा रुग्णालयात असतात, तान्ह्या मुलाचेही ऐकणे त्यांवर कळते. काही मुले नुसतीच उशिरा बोलतात, हेही खरे. पण त्यांची नजर बोलते, बोट बोलते. जे मूल शब्दाने बोलत नाही, पण बोटाने सारा वाडा दाखवते, त्याच्याविषयी काळजी कमी. जे शब्दानेही नाही, बोटानेही नाही आणि नजरेनेही नाही, त्याच्या बाबतीत "त्याचा बापही उशिरा बोलला होता" हे म्हणणे सोडून द्यावे. तपासून घेतले आणि काही निघाले नाही, तर एस.टी.च्या तिकिटाचे पैसे गेले इतकेच. तपासले नाही आणि निघाले, तर वर्षे जातात.

आता थोडे दोषाविषयी बोलतो. आपल्याकडे मूल निराळे निघाले की पहिले बोट आईकडे वळते. गरोदरपणी ग्रहण पाहिले असेल, शेतावर कामाला गेली म्हणून झाले, मुलाशी बोलतच नाही. हा अन्याय आपल्याच देशात झाला असे नाही. अमेरिकेतही कित्येक वर्षे शिकलेले लोक म्हणत होते की आईची माया थंड असली म्हणून मूल असे होते. कॅनर यांच्या स्वतःच्या लिखाणानेही त्या समजाला हातभार लागला होता. बर्नार्ड रिमलंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, ज्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, १९६४ साली ग्रंथ लिहून हा समज खोडून काढला. १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनर यांनीच आईबापांना निर्दोष ठरवले. १९७७ साली इंग्लंडमधील जुळ्या मुलांच्या अभ्यासातून दिसले की यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. पुढचे संशोधनही तेच सांगते. म्हणून ज्या घरात एक मूल स्वमग्न आहे, तिथल्या धाकट्या भावंडाकडे अधिक लक्ष द्यावे. अशा पाच भावंडांत साधारण एकाला हीच अडचण असू शकते.

लसीचेही असेच. १९९८ साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी असावा असे सुचवणारा लेख आला. त्यातली लबाडी उघडकीला आली आणि २०१० साली त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी होऊन २०१९ साली निष्कर्ष आला की या लसीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढत नाही. गैरसमज होतो तो अशामुळे, की लस टोचण्याचे वय आणि खुणा दिसू लागण्याचे वय जवळजवळ एकच. लस चुकवली तर गोवर मात्र खरोखर येतो. मोबाईलमुळे स्वमग्नता होते हेही सिद्ध झालेले नाही. तरीही दोन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोबाईल देऊ नये. कारण मोबाईल उत्तर देत नाही, आणि या मुलांना तर उत्तर देणारे माणूस अधिकच हवे असते. अंगारे-धुपारे, महागडी औषधे, 'हमखास बरे करतो' असे सांगणारे लोक, यांच्यापासून दूर राहा. स्वमग्नता बरी करणारे औषध आज कोणापाशीही नाही.

मग उपाय काय? उपाय आहे शिकवण्याचा, आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका चांगला. कुठे जायचे ते सांगतो. आपल्या अंगणवाडीताईंना आणि आशाताईंना सांगा. २०१३ साली आपल्या पालघरहून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. त्यातले डॉक्टरांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासते. ज्या दोषांकडे पथकाने पाहायचे आहे, त्यांत स्वमग्नताही आहे. पथक जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्राकडे चिठ्ठी देते. पथक येईल त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका. आणि डॉक्टरांसमोर गप्प बसू नका. "नाव घेतलं तर वळत नाही, बोट दाखवत नाही," असे स्पष्ट शब्दांत सांगा. माझ्यासारखा एखादा डॉक्टर हसून वाटेला लावू लागला, तर हलू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे प्रमाणपत्र मिळते आणि शाळेत प्रवेश नाकारता येत नाही.

पण आठवड्याचे बाकीचे दिवस? तालुक्याला वाचा-उपचारतज्ज्ञ नाही, शहर दूर, मजुरी बुडते. ही अडचण मी रोज पाहतो. म्हणून गोव्यातला एक प्रयोग सांगतो. 'संगत' नावाच्या संस्थेने गोव्यात, आणि त्याच वेळी पाकिस्तानात रावळपिंडीलाही दुसऱ्या गटाने, दोन ते नऊ वर्षांच्या पासष्ट स्वमग्न मुलांवर एक पाहणी केली. २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. ते घरी जात, आई-मुलाचा खेळ चित्रित करीत आणि तोच आईला दाखवीत. "हे पाहा, इथे तुम्ही थांबलात, आणि इथे त्याने तुमच्याकडे पाहिले." एवढेच. ज्या घरांना ही मदत मिळाली, तिथे आईबाप मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले आपणहून त्यांच्याशी अधिक संपर्क साधू लागली. म्हणजे मोठी इमारत नसली तरी काम अडत नाही.

त्यातले घरी करण्याजोगे सांगतो. मुलाच्या तोंडासमोर येईल असे जमिनीवर बसा. ते जे खेळत असेल त्यातच सामील व्हा, आपला खेळ लादू नका. ते आवाज काढील तोच आवाज तुम्ही काढा. भाकरीचा तुकडा देताना आपल्या चेहऱ्याजवळ धरा आणि क्षणभर थांबा. त्याने पाहिले की लगेच द्या आणि म्हणा, "भाकरी." लांबलचक बोलू नका, एकच शब्द बोला. हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" अशी सक्ती करू नका, त्याने मूल आणखी बुजते. आंघोळ, जेवण, सांजवात, गोठ्यातली धार, जी कामे रोज ठरल्या वेळी होतात, त्यांतच हे शिक्षण बसवा. या मुलांना ठरलेपणा आवडतो, त्याचा फायदा घ्या.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. अंगणवाडीत, बालवाडीत, पहिलीत असे मूल तुमच्यासमोर येईल. एखादे मूल मुका मार खाऊनही बोलत नाही, एखादे ऐकलेलेच वाक्य पोपटासारखे म्हणते, एखाद्याला सगळे पाढे येतात, पण डबा उघडून द्या म्हणता येत नाही. मुलींमध्ये खुणा पुष्कळदा झाकल्या जातात, कारण गप्प मुलगी म्हणजे गुणी मुलगी असे आपण धरून चालतो. अशा मुलाला शिक्षा करू नका. त्याच्या आईला बाजूला घेऊन, चारचौघांत नव्हे, सांगा, "ताई, याचे कान आणि याची नजर एकदा तपासून घेऊ या. मी बरोबर येतो." वेडा, मंद असले शब्द तोंडून जाऊ देऊ नका. आईच्या कानावर पडलेला पहिला शब्द ती जन्मभर विसरत नाही.

शेवटी, या मुलांचे पुढे काय होते? कॅनर यांच्या अकरा मुलांतले पहिले मूल म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावी १९३३ साली जन्मला. वडील घरी आले तरी त्याचे लक्ष नसे. वडिलांनी त्याच्याविषयी तेहतीस पानांचे पत्र कॅनर यांना लिहिले होते. पुढे हा मुलगा काही वर्षे एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचे वेड होते. मक्याच्या ओळी तो मोजत बसे. त्या शेतकऱ्याने त्याला रागे भरले नाही. नांगर हाती देऊन म्हटले, नांगरता नांगरता मोज. कॅनर त्याला भेटायला गेले, तेव्हा तो घोडा वळवून नीट नांगरत होता. पुढे त्याने गावच्या बँकेत अनेक वर्षे नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला. २०२३ साली, एकोणनव्वद वर्षांचा होऊन तो वारला. घर खाऊनपिऊन सुखी होते हे खरे. पण गावाने त्याला आपला म्हटले होते, हेही तितकेच खरे. आणि हे दुसरे देणे गरिबातल्या गरीब गावालाही परवडते.

माझ्या त्या आजीचा नातू आता सव्वीस वर्षांचा आहे. तो फार बोलत नाही. कोंबड्यांच्या शेडवर अंडी ट्रेमध्ये मांडतो, आणि त्याची मोजणी चुकल्याचे मालकाला आठवत नाही. आजी आज नाही. पण एक दिवस मला आठवतो. मूल साडेपाच वर्षांचे होते, दीड वर्ष घरच्यांनी चिकाटीने शिकवले होते. भर दुपारी, बाजाराचा दिवस नसताना, आजी एकटीच दवाखान्यात आली. मला वाटले कोणी आजारी पडले. ती दारातूनच म्हणाली, "डाक्टर, काल सांजच्याला अंगणात बगळं उडत व्हतं. पोरानं माजा पदर वढला आन् वर बोट दावलं!"

एवढे सांगायला ती चार मैल आली होती. मी तिला खुर्ची दिली. आणि मनात म्हटले, आजी, हे बोट तुम्ही तीन वर्षे आधी पाहू शकला असता, मी तुमचे ऐकले असते तर.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर, नाही म्हणजे घरीच असाल, तर आपल्या नाहीतर शेजारच्या वर्ष-दीड वर्षाच्या बाळाजवळ जाऊन बसा. मागून नाव घ्या. भिरभिरे फिरवा. खिडकीबाहेर बोट दाखवा, आणि ते तुम्हाला काही दाखवते का पाहा. दाखवीत असेल तर तो आनंद घ्या. दाखवीत नसेल, तर वाट पाहू नका. आणि घरातली म्हातारी काही सांगू लागली, तर तिचे ऐका.